विंडोज सर्व्हरवरील सामायिक फोल्डर आणि परवानग्यांच्या अडचणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे प्रामुख्याने अशा कार्यालयांसाठी आहेत, जिथे एक-दोन विंडोज सर्व्हर, ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे (सगळ्यांची खाती आणि गट एका जागी ठेवणाऱ्या व्यवस्थेचे) एकच डोमेन आणि काही डझन संगणक आहेत, आणि जिथे सर्व्हर सांभाळणारी व्यक्ती बहुधा प्रिंटर, इंटरनेट आणि हिशेबाचे सॉफ्टवेअरही सांभाळते. लिनक्सवर सांबा (विंडोजच्या पद्धतीने फोल्डर सामायिक करणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे एक स्वतंत्र उत्तर दिले आहे.

‘ॲक्सेस डिनाइड’ असा संदेश आला, तर सर्वांत आधी काय तपासावे?

परवानगीच्या खिडकीला हात लावण्यापूर्वी नकार नेमका कोणी दिला, हे शोधावे. वापरणाऱ्याच्या संगणकापासून फाइलपर्यंत विनंती किमान चार टप्प्यांतून जाते : सर्व्हरपर्यंत पोहोचणे, ओळख पटणे, शेअरवरील (नेटवर्कवर सामायिक केलेल्या फोल्डरवरील) परवानगी आणि डिस्कवरील, म्हणजे एनटीएफएस या विंडोजच्या फाइलव्यवस्थेची परवानगी. यांतील कोणत्याही टप्प्यावर अडलेला माणूस फोनवर एकच वाक्य सांगतो, ‘फोल्डर उघडत नाही’. म्हणून त्याच्याकडून संदेशाचे शब्द आणि त्यातील क्रमांक जसाच्या तसा मागून घ्यावा.

क्रमांक ५३ आला असेल, तर सर्व्हरचा पत्ताच सापडलेला नाही. नावाचे भाषांतर करणारा डीएनएस चुकला आहे किंवा मधल्या फायरवॉलने टीसीपी पोर्ट ४४५ अडवला आहे. पिंगला उत्तर मिळते म्हणून हा पोर्ट खुला आहे असे मानू नये, कारण या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. क्रमांक १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड सर्व्हरला मान्य नाही. क्रमांक ५ आला, तर मात्र सर्व्हरपर्यंत माणूस पोहोचला आहे, बहुतेक वेळा ओळखही पटली आहे, आणि आता प्रश्न खरोखरच परवानगीचा आहे.

यासोबत चार गोष्टी विचाराव्यात : फाइलचा पूर्ण मार्ग कोणता, नेमकी कोणती कृती अडते (उघडणे, जतन करणे, नाव बदलणे की काढून टाकणे), त्याच व्यक्तीला दुसऱ्या संगणकावरून ती जमते का, आणि त्याच संगणकावरून दुसऱ्या व्यक्तीला जमते का. शेवटच्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून दोष खात्यात आहे की संगणकात, हे साधारणपणे तिथेच कळते.

सर्व्हरच्या नावाने शेअर उघडत नाही, पण आयपी पत्त्याने उघडते. असे का होते?

नावाने जोडणी केल्यास डोमेनमधील संगणक केर्बेरॉस पद्धतीने ओळख पटवतो; आयपी पत्ता दिल्यास तो सहसा एनटीएलएम या जुन्या पद्धतीकडे वळतो. एक मार्ग चालतो आणि दुसरा अडतो, याचा अर्थ फोल्डरवरील परवानग्या ठीक आहेत आणि बिघाड ओळख पटवण्यात आहे. घड्याळ आधी पाहावे. केर्बेरॉसमध्ये दोन संगणकांच्या वेळेत मूळ सेटिंगनुसार ५ मिनिटांपेक्षा अधिक फरक चालत नाही, आणि ज्या जुन्या डेस्कटॉपची मदरबोर्डवरील बॅटरी संपलेली आहे तो वीज गेल्यानंतर दरवेळी हा फरक निर्माण करतो. डीएनएसमध्ये सर्व्हरच्या नावापुढे जुना पत्ता राहिला आहे का, हेही पाहावे. आयपी पत्त्याने चालते म्हणून सगळ्यांच्या डेस्कटॉपवर आयपी पत्त्याचे शॉर्टकट करून देणे हा उपाय नव्हे, कारण त्यामुळे मूळ बिघाड तसाच राहतो आणि पत्ता बदलला की सगळे शॉर्टकट एकाच दिवशी बंद पडतात.

शेअरची परवानगी आणि एनटीएफएसची परवानगी यांत कोणती चालते?

नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागू होतात आणि त्यांतील जी अधिक कडक असेल तीच अखेर चालते. सर्व्हरवर प्रत्यक्ष बसून फोल्डर उघडणाऱ्याला शेअरची परवानगी लागूच होत नाही; त्याच्यासाठी फक्त एनटीएफएसची परवानगी पाहिली जाते.

‘उघडते, पण सेव्ह होत नाही’ या तक्रारीचे सर्वांत नेहमीचे कारण इथेच सापडते. नवे शेअर तयार करताना विंडोज ‘एव्हरीवन’ या गटाला फक्त ‘रीड’ ही परवानगी देते. ॲडमिन सिक्युरिटी टॅबवर जाऊन लेखा विभागाच्या गटाला ‘मॉडिफाय’ देतो, सर्व्हरवर बसून फाइल जतन करून पाहतो, ती जतन होते, आणि विभागातील सर्वांच्या संगणकांवर मात्र तीच कृती अडते. सर्व्हरवर चालते आणि नेटवर्कवरून चालत नाही, असे दिसले की शेअरिंग टॅबमधील ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ आणि तिथले ‘परमिशन्स’ हे बटण आधी उघडावे.

आमची शिफारस अशी, की शेअरच्या पातळीवर ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ या गटाला ‘चेंज’ द्यावे आणि कोणाला काय करता येईल याचा सगळा बारकावा एनटीएफएसमध्ये ठेवावा. दोन ठिकाणी दोन वेगवेगळे नियम लिहून ठेवले, तर वर्षभराने ते लिहिणाऱ्यालाही उलगडत नाहीत. अनेक मार्गदर्शिका या जागी ‘फुल कंट्रोल’ सुचवतात. तेही चालते, मात्र स्वतः तयार केलेल्या फाइलचा मालक स्वतःच असल्यामुळे ‘फुल कंट्रोल’ असलेल्या शेअरवर कोणताही कर्मचारी आपल्या फाइलवरील परवानग्या बदलू शकतो, आणि ‘चेंज’ ठेवल्यास तो मार्ग नेटवर्कवरून बंद होतो.

गटात नाव घातले, तरी फोल्डर उघडत नाही. किती वेळ थांबावे?

थांबून उपयोग नाही. त्या व्यक्तीने लॉगऑफ करून पुन्हा लॉगऑन करावे. लॉगऑन होताना विंडोज त्या व्यक्तीच्या गटांची यादी एका टोकनमध्ये बांधते आणि नंतर डोमेनमध्ये झालेला बदल त्या टोकनमध्ये शिरत नाही. स्क्रीन लॉक करून पुन्हा उघडणे यासाठी पुरेसे नाही. लॅपटॉप बंद करताना केवळ झाकण मिटणाऱ्यांचे टोकन तर कित्येक दिवस जुने राहते.

नवा गट खरोखर मिळाला का, हे त्या व्यक्तीच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘हूॲमआय’ या आज्ञेला ‘ग्रुप्स’ हा पर्याय जोडून पाहता येते. यादीत गटाचे नाव नसेल, तर फोल्डरच्या परवानग्यांशी झटण्यात अर्थ नाही. लॉगऑफ करणे अगदीच शक्य नसेल, तर ‘केलिस्ट’ आज्ञेने केर्बेरॉसची जुनी तिकिटे काढून टाकून सर्व्हरशी नवी जोडणी करून पाहावी. तसे न केल्यास तिकिटाचे आयुष्य मूळ सेटिंगनुसार १० तासांचे असते.

शाखा वेगळ्या शहरात असून तिथे स्वतःचा डोमेन कंट्रोलर (खाती आणि गटांची यादी सांभाळणारा सर्व्हर) असेल, तर मात्र वेळेचा प्रश्न खरा आहे. दोन साइटमधील बदलांची देवाणघेवाण मूळ सेटिंगनुसार १८० मिनिटांनी होते. पुण्यातून केलेला बदल नागपूरच्या कंट्रोलरवर पोहोचण्याआधी तेथील कर्मचाऱ्याने कितीही वेळा लॉगऑन केले, तरी त्याला जुनीच यादी मिळेल. हे अंतर १५ मिनिटांपर्यंत कमी करता येते.

‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ या टॅबवर परवानगी आहे असे दिसते, प्रत्यक्षात मात्र नकार येतो. हा टॅब चुकीचे सांगतो का?

चुकीचे सांगत नाही. तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. निवडलेल्या व्यक्तीचे गट हा टॅब त्या क्षणी डोमेनमधून मोजतो, तर प्रत्यक्ष विनंती त्या व्यक्तीच्या सकाळच्या टोकनसह आलेली असते. शिवाय सर्व्हरवर फोल्डरचा स्थानिक मार्ग उघडून हा टॅब पाहिला, तर शेअरवरील बंधने त्यात धरली जात नाहीत. त्यामुळे टॅब ‘हो’ म्हणतो आणि माणसाला ‘नाही’ मिळते, तेव्हा संशय घेण्याजोग्या जागा दोनच उरतात : जुने टोकन किंवा शेअरची परवानगी. या दृष्टीने पाहिले, तर हा टॅब फार उपयोगी आहे, आणि तो पाहण्याची सवय अजूनही पुष्कळांना नाही.

‘डिनाय’ वापरावे का?

शक्यतो वापरू नये. एनटीएफएस नियम या क्रमाने तपासते : त्याच फोल्डरवर थेट लिहिलेला ‘डिनाय’, थेट लिहिलेला ‘अलाउ’, वरच्या फोल्डरकडून आलेला ‘डिनाय’ आणि शेवटी वरून आलेला ‘अलाउ’. म्हणजे ‘डिनाय नेहमी जिंकतो’ हे सर्वत्र सांगितले जाणारे वाक्य पूर्ण खरे नाही. वरून आलेल्या ‘डिनाय’वर थेट दिलेला ‘अलाउ’ मात करतो, आणि ज्याने त्या ‘डिनाय’वर विसंबून गोपनीय फोल्डर ठेवला त्याला हे उशिरा कळते.

उलट बाजूने होणारी गफलत अधिक नित्याची आहे. पगारपत्रकाचा फोल्डर इतरांना दिसू नये म्हणून ‘डोमेन युजर्स’ या गटाला ‘डिनाय’ दिले जाते आणि आस्थापना विभागाला ‘अलाउ’. आस्थापना विभागातील प्रत्येक जण ‘डोमेन युजर्स’मध्येही असतोच, त्यामुळे फोल्डर व्यवस्थापकांसह सर्वांना बंद होतो. ज्यांना द्यायचे नाही त्यांचे नाव यादीत नसले की पुरते. वरून येणारी परवानगी तोडून फक्त हव्या त्या गटांना ‘अलाउ’ देणे हा सरळ मार्ग आहे.

फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्यावर ती कोणालाच उघडत नाही, किंवा नको त्याला उघडते. असे का?

कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. एकाच डिस्क व्हॉल्यूमवर हलवलेली फाइल मात्र जुन्या परवानग्या बरोबर घेऊन जाते. दुसऱ्या व्हॉल्यूमवर हलवणे म्हणजे प्रत्यक्षात कॉपी करून मूळ फाइल काढून टाकणे असल्यामुळे तिथे पुन्हा नव्या फोल्डरचा नियम लागतो. नेटवर्कवरून एका शेअरमधून दुसऱ्या शेअरमध्ये हलवतानाही तसेच घडते.

त्यामुळे अडचण प्रामुख्याने एकाच मोठ्या शेअरखाली सर्व विभागांचे फोल्डर ठेवणाऱ्या कार्यालयांत येते. आस्थापना विभागातील कोणी ‘रजा नियमावली’ ही फाइल माउसने ओढून ‘सर्वांसाठी’ या फोल्डरमध्ये टाकतो. सर्वांना ती दिसते आणि कोणालाच उघडत नाही. ही तक्रार तरी लगेच येते. याच्या उलट, ‘सर्वांसाठी’ फोल्डरमध्ये तयार केलेली एखादी फाइल नंतर गोपनीय फोल्डरमध्ये ओढली गेली, तर तिच्यावर जुन्या, मोकळ्या परवानग्या राहू शकतात, आणि याबद्दल तक्रार कोणीच करणार नाही.

दुरुस्तीसाठी फाइलच्या ‘ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी’ खिडकीत जाऊन थेट लिहिलेल्या नोंदी काढाव्यात आणि वरून येणारी परवानगी चालू करावी. फाइल पुष्कळ असतील, तर ‘आयकॅकल्स’ या आज्ञेचा ‘रीसेट’ हा पर्याय आहे. पण तो चालवण्यापूर्वी त्याच आज्ञेच्या ‘सेव्ह’ पर्यायाने आहेत त्या परवानग्या एका फाइलमध्ये उतरवून घ्याव्यात. ज्या उपफोल्डरांवर मुद्दाम वेगळे नियम ठेवले होते तेही ‘रीसेट’मध्ये पुसले जातात, आणि ते काय होते हे कोणालाच आठवत नसते.

‘राइट’ परवानगी दिली आहे, तरी एक्सेलची फाइल जतन होत नाही. नोटपॅडची होते. का?

नोटपॅड उघडलेल्या फाइलमध्येच मजकूर लिहितो. एक्सेल तसे करत नाही. जतन करा म्हटल्यावर एक्सेल त्याच फोल्डरमध्ये एक नवी तात्पुरती फाइल तयार करते, सगळा मजकूर तीत लिहिते, ते पूर्ण झाल्यावर मूळ फाइल काढून टाकते आणि तात्पुरत्या फाइलला मूळ नाव देते. मधेच वीज गेली तरी जुनी फाइल शाबूत राहावी, हा या पद्धतीचा हेतू आहे. यासाठी त्या फोल्डरमध्ये नवी फाइल करण्याची, नाव बदलण्याची आणि काढून टाकण्याची परवानगी लागते, आणि ‘राइट’मध्ये काढून टाकण्याची परवानगी येत नाही; ती ‘मॉडिफाय’मध्ये येते.

याची खूण फोल्डरमध्येच सापडते. आठ अक्षरांची, अंक आणि इंग्रजी अक्षरे मिसळलेली, कोणतेही एक्स्टेन्शन नसलेली नावे तिथे साचलेली दिसली, तर त्या एक्सेलच्या अर्धवट राहिलेल्या तात्पुरत्या फाइली होत. नवी फाइल करता आली आणि जुनी काढता आली नाही, एवढे त्यावरून निश्चित समजते. क्वचित परवानगी बरोबर असूनही अँटिव्हायरस नेमक्या त्याच क्षणी तात्पुरती फाइल तपासायला धरून ठेवतो आणि नाव बदलणे अडते. अशा वेळी दोष कधी येतो, कधी येत नाही. परवानगीचा दोष असा लहरी नसतो, तो दरवेळी येतो.

‘कर्मचाऱ्यांनी फाइल बदलावी, पण काढून टाकू नये’ ही मागणी व्यवस्थापनाकडून वारंवार येते. एक्सेल आणि वर्डच्या फाइलींसाठी ती एनटीएफएसच्या परवानग्यांनी पुरी होत नाही, हे आधीच स्पष्ट सांगावे. चुकून काढलेली फाइल परत मिळावी हा खरा हेतू असेल, तर व्हॉल्यूमवर शॅडो कॉपी चालू कराव्यात. त्या चालू असल्या की फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मधून जुनी प्रत काढता येते. शॅडो कॉपी त्याच सर्व्हरवर असतात, म्हणून बॅकअप त्यानंतरही वेगळा घ्यावाच लागतो.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा सर्व्हरवर आहे. त्या फोल्डरला किती परवानगी द्यावी?

जे सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या संगणकावर चालते आणि सामायिक फोल्डरमधील डेटा फाइलींत थेट लिहिते, त्याच्या प्रत्येक वापरकर्त्याला त्या फोल्डरवर ‘मॉडिफाय’ द्यावेच लागते. सॉफ्टवेअरच्या आत नोंदी बदलण्याचे अधिकार कितीही काटेकोर ठेवले, तरी तोच कर्मचारी एक्सप्लोररमधून अख्ख्या कंपनीचा डेटा फोल्डर काढून टाकू शकतो किंवा पेनड्राइव्हवर कॉपी करून नेऊ शकतो. एनटीएफएस सॉफ्टवेअरला ओळखत नाही, ते फक्त माणसाला ओळखते. ही उणीव परवानग्यांच्या खिडकीत भरून निघणार नाही. त्यासाठी डेटा सर्व्हरकडूनच हाताळणारी आवृत्ती घ्यावी किंवा ते सॉफ्टवेअर रिमोट डेस्कटॉपवर चालवून वापरणाऱ्यांना डेटा फोल्डर दिसणारच नाही अशी मांडणी करावी.

‘फाइल इन यूज’ हा संदेश परवानगीचा आहे का?

नाही. दुसऱ्या कोणी ती फाइल उघडलेली आहे, किंवा ज्या संगणकावर ती उघडली होती तो मधेच बंद पडून सर्व्हरकडे नोंद उरली आहे. सर्व्हरवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मधील ‘शेअर्ड फोल्डर्स’ आणि त्याखालील ‘ओपन फाइल्स’ येथे कोणी काय उघडले आहे ते दिसते. त्या व्यक्तीला फोन करून मगच नोंद बंद करावी, कारण जबरदस्तीने बंद केल्यास तिचे न जतन केलेले काम जाते. यासाठी सर्व्हर रीस्टार्ट करणे म्हणजे सगळ्या कार्यालयाचे काम एका फाइलसाठी थांबवणे होय.

काहींना फोल्डर दिसतच नाही. तो डिलीट झाला आहे का?

बहुधा नाही. शेअरवर ‘ॲक्सेस बेस्ड एन्युमरेशन’ चालू असेल, तर ज्याला वाचण्याची परवानगी नाही त्याला तो फोल्डर यादीतही दिसत नाही. दुसऱ्या खात्याने पाहून खात्री करावी.

वरचा फोल्डर बंद ठेवून आतला एकच फोल्डर एखाद्याला देता येतो का?

देता येतो. विंडोजमध्ये ‘बायपास ट्रॅव्हर्स चेकिंग’ हा अधिकार मूळ सेटिंगनुसार सर्वांना असतो, त्यामुळे आतल्या फोल्डरवर परवानगी असलेला माणूस पूर्ण मार्ग देऊन थेट तिथे पोहोचू शकतो. मात्र माउसने एकेक फोल्डर उघडत जाणाऱ्याला वरच्या पायरीवर नकार येईल. त्याच्यासाठी वरच्या प्रत्येक फोल्डरवर यादी पाहण्याची परवानगी द्यावी आणि ती कशाला लागू होते, या जागी ‘धिस फोल्डर ओन्ली’ निवडावे. ती निवड राहून गेली, तर आतील सगळेच उघडे पडते.

तरीही असे अपवाद तीन-चारपेक्षा अधिक होऊ लागले, तर फोल्डरांची रचनाच चुकली आहे असे समजावे आणि तो आतला फोल्डर बाहेर काढून त्याचे वेगळे शेअर करावे.

ॲडमिनिस्ट्रेटरलाही नकार येतो आणि ‘कंटिन्यू’ दाबायला सांगतो. दाबावे का?

ते बटण दाबल्यावर विंडोज तुमच्या व्यक्तिगत खात्याचे नाव त्या फोल्डरच्या आणि त्याखालील सर्व फाइलींच्या यादीत कायमचे घालते. असे वर्षभर चालले, की प्रत्येक फोल्डरवर आजी-माजी ॲडमिनची नावे चिकटलेली आढळतात. याऐवजी एक स्वतंत्र गट करून त्याला वरपासून ‘फुल कंट्रोल’ द्यावे, किंवा शेअरच्या मार्गानेच फोल्डर उघडावा.

मालकी स्वतःकडे घेणे, म्हणजे ‘टेक ओनरशिप’, हा शेवटचा उपाय आहे. कर्मचाऱ्यांचे डॉक्युमेंट्स फोल्डर सर्व्हरवर वळवलेले असतील, तर तिथे मुद्दाम फक्त त्या व्यक्तीलाच परवानगी ठेवलेली असते आणि सहसा मालकही तीच असावी अशी सिस्टीमची अपेक्षा असते. मालकी बदलली, की दुसऱ्या दिवशी त्या व्यक्तीचा फोल्डर वळणे बंद होते.

सिक्युरिटी टॅबमध्ये नावाऐवजी ‘एस-१-५-२१’ ने सुरू होणारा लांब क्रमांक दिसतो. तो काय आहे?

एनटीएफएस नावे साठवत नाही, प्रत्येक खात्याचा सिड (सिक्युरिटी आयडेंटिफायर) क्रमांक साठवते. खाते डोमेनमधून काढून टाकले, की क्रमांकाला नाव उरत नाही. सगळेच क्रमांक असे दिसत असतील, तर खाती गेलेली नसून सर्व्हरचा डोमेन कंट्रोलरशी संपर्क तुटलेला असतो, म्हणून नोंदी काढण्याची घाई करू नये.

याचाच दुसरा परिणाम असा, की नोकरी सोडून परत आलेल्या व्यक्तीचे खाते त्याच नावाने नव्याने केले, तरी तिला जुने फोल्डर उघडत नाहीत, कारण सिड नवा असतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे रिसायकल बिन चालू असेल आणि मुदत संपली नसेल, तर तिथून परत आणलेल्या खात्याचा सिड जुनाच राहतो. परवानग्या व्यक्तींना न देता गटांना दिल्या असतील, तर हा प्रश्न उद्भवतच नाही; नवे खाते गटात घातले की काम झाले.

झेरॉक्स मशिनचे स्कॅन सामायिक फोल्डरमध्ये येणे अचानक बंद झाले. काय करावे?

आधी पासवर्ड तपासावा. डोमेनच्या मूळ धोरणानुसार पासवर्डची मुदत ४२ दिवसांची असते, आणि मशिनमध्ये भरून ठेवलेल्या खात्याला पासवर्ड बदलण्याची सूचना वाचायला कोणी नसते. स्कॅनसाठी वेगळे खाते करावे, त्याला फक्त स्कॅनच्या फोल्डरवर परवानगी द्यावी आणि पासवर्ड लांब ठेवून मुदतीतून वगळावा. कोणा कर्मचाऱ्याचे, त्यातही ॲडमिनचे, खाते मशिनमध्ये भरू नये.

नवा सर्व्हर घेतल्यानंतर किंवा अपग्रेडनंतर बंद झाले असेल, तर कारण बहुधा एसएमबीच्या (विंडोज ज्या पद्धतीने नेटवर्कवर फोल्डर सामायिक करते तिच्या) पहिल्या आवृत्तीत आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने याच आवृत्तीतील त्रुटीचा वापर केला, आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज १०च्या १७०९ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ती मूळ बसवणीतून वगळली. जुन्या मशिनना दुसरी कोणतीच आवृत्ती येत नाही. मशिनचे फर्मवेअर अद्ययावत होते का ते विक्रेत्याला विचारावे. होत नसेल, तर स्कॅन ईमेलने घ्यावेत. एका स्कॅनरसाठी मुख्य फाइल सर्व्हरवर ती आवृत्ती पुन्हा चालू करणे आम्ही कोणत्याही परिस्थितीत सुचवणार नाही.

पासवर्ड बरोबर आहे, तरी ‘एकापेक्षा अधिक नावांनी जोडणी करता येत नाही’ असे येते, किंवा खाते वारंवार लॉक होते. का?

एका लॉगऑनमधून एकाच सर्व्हरशी दोन वेगळ्या नावांनी जोडणी करू देणे विंडोजला मान्य नाही. हा दोष क्रमांक १२१९. ‘नेट यूज’ या आज्ञेने चालू जोडण्या पाहून जुनी काढावी आणि पुन्हा जोडावे. खाते वारंवार लॉक होत असेल, तर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना पासवर्ड साठवलेला आहे का, आणि ती व्यक्ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर अजून लॉगऑन आहे का, हे पाहावे. बैठकीच्या खोलीतील संगणक हे यातले ठरलेले ठिकाण आहे.

आमचा सर्व्हर लिनक्सवर सांबा वापरतो. तिथे काय वेगळे आहे?

तिथे तीन थर पाहावे लागतात आणि तिसरा थर बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पहिला थर सांबाच्या सेटिंग फाइलचा. तिथे काही न लिहिल्यास शेअर ‘रीड ओन्ली’ असते, आणि नवी फाइल तयार होताना ‘क्रिएट मास्क’ ०७४४ धरला जातो. म्हणजे एकाने तयार केलेली फाइल गटातील इतरांना वाचता येते, पण बदलता येत नाही. ‘माझी फाइल सहकाऱ्याला फक्त वाचता येते’ ही तक्रार याचीच असते. मास्क ०६६० आणि फोल्डरसाठी ‘डिरेक्टरी मास्क’ २७७० ठेवावा. सेटिंग बदलल्यावर ‘टेस्टपार्म’ चालवून पाहावे. स्पेलिंग चुकलेले सेटिंग सांबा मुकाट्याने सोडून देतो, टेस्टपार्म मात्र ते दाखवतो.

दुसरा थर लिनक्सच्या स्वतःच्या परवानग्यांचा. सामायिक फोल्डरचा गट ठरवून त्यावर सेटजीआयडी बिट लावावा, म्हणजे आत तयार होणारी प्रत्येक गोष्ट त्याच गटाची होते. फोल्डरवर सर्व काही ठीक असूनही नकार आला, तर मार्गातील वरच्या प्रत्येक डिरेक्टरीवर एक्झिक्यूट परवानगी आहे का ते पाहावे. ‘नेमआय’ ही आज्ञा ‘एल’ पर्यायासह दिल्यास संपूर्ण मार्ग पायरीपायरीने दिसतो. शेअर एखाद्याच्या होम डिरेक्टरीत ठेवले असेल, तर अडथळा बहुधा तिथेच सापडतो. कोणाला नव्या गटात घालताना ‘यूजरमॉड’ला मोठ्या ‘जी’सोबत छोटा ‘ए’ द्यायला विसरू नये, नाहीतर ती व्यक्ती आधीच्या सर्व पूरक गटांतून बाहेर पडते.

तिसरा थर रेड हॅट कुळातील लिनक्सवर चालू असणाऱ्या एसई-लिनक्स या जादा सुरक्षाव्यवस्थेचा. परवानग्या बरोबर, सांबा बरोबर, तरीही नकार, अशा वेळी फोल्डरचे लेबल पाहावे. ते ‘सांबा शेअर टी’ या प्रकारचे नसेल, तर सांबाला आत जाता येत नाही. ‘सेमॅनेज’ने लेबलचा नियम नोंदवून ‘रिस्टोअरकॉन’ चालवावे. खात्रीसाठी एसई-लिनक्स मिनिटभर परमिसिव्ह (नकार न देता फक्त नोंद करणारे) करून पाहणे ठीक आहे. कायमचे बंद करणे ठीक नाही.

देवनागरी नावांच्या फाइली काही वेळा उघडत किंवा कॉपी होत नाहीत. हा परवानगीचा प्रश्न आहे का?

क्वचितच. पुष्कळ प्रोग्राम अजूनही २६० अक्षरांपेक्षा लांब मार्ग स्वीकारत नाहीत, आणि देवनागरीत प्रत्येक मात्रा आणि हलन्त स्वतंत्र मोजला जातो. ‘क्षेत्र’ हा दोन अक्षरांचा दिसणारा शब्द त्या हिशेबात ७ भरतो. विषयाचे पूर्ण वाक्य नाव म्हणून दिलेली कार्यालयीन पत्रे पाच-सहा फोल्डर खोल गेली, की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. वरच्या एखाद्या फोल्डरचे नाव तात्पुरते लहान करून पाहावे.

काम अडले आहे. तूर्त ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देऊन ठेवले, तर?

तूर्त दिलेले काढले जात नाही, हा सर्वत्रचा अनुभव आहे. शिवाय एका कर्मचाऱ्याच्या संगणकात रॅन्समवेअर शिरले, तर ते त्या कर्मचाऱ्याच्याच परवानग्यांनी सर्व्हरवर लिहिते. सगळे मोकळे असेल, तर सगळे एन्क्रिप्ट होते. आणि नकार टोकनमुळे किंवा पासवर्डमुळे येत असेल, तर ‘फुल कंट्रोल’ देऊनही तो सुटत नाही. निदानासाठी मोकळे करून पाहायचेच असेल, तर रिकामा चाचणी फोल्डर करावा, त्यात दोन बिनमहत्त्वाच्या फाइली ठेवाव्यात आणि तिथे प्रयोग करावा.

हे सगळे पाहूनही कारण सापडत नाही. पुढे काय?

ऑडिटिंग, म्हणजे कोण काय करतो याची नोंद ठेवणे, चालू करावे. ग्रुप पॉलिसीतील ‘डिटेल्ड फाइल शेअर’ या प्रकारात फक्त ‘फेल्युअर’ निवडल्यास शेअरच्या पातळीवर नकार मिळाला, की सिक्युरिटी लॉगमध्ये ५१४५ क्रमांकाची नोंद येते, आणि तीत कोणी, कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या फाइलवर, कोणता अधिकार मागितला हे लिहिलेले असते. ‘सक्सेस’ निवडू नये. गजबजलेल्या सर्व्हरवर लॉग काही तासांत भरतो आणि हवी ती नोंद पुसली जाते. तक्रार करणाऱ्याला ठरलेल्या मिनिटाला तीच कृती पुन्हा करायला सांगावी, नोंद वाचावी आणि काम झाल्यावर ऑडिटिंग पूर्वीसारखे करावे. त्या वेळी एकही नोंद आली नाही, तर नकार शेअरच्या परवानगीने दिलेला नाही : एक तर तो एनटीएफएसने दिला आहे, कारण तो नकार या नोंदींत येत नाही, किंवा विनंती शेअरपर्यंत पोहोचलेलीच नाही. म्हणून एनटीएफएसच्या परवानग्या पाहून तपास पहिल्या उत्तरातील पोर्ट, डीएनएस आणि पासवर्ड यांकडे न्यावा.